आधी धडधड, मग हृदय

कोंबडीचं अंडं ३८ अंशांच्या उबेत ठेवून दीड दिवस झाला, की प्रयोगशाळेत त्याच्या कवचाला वरून एक छोटी खिडकी पाडतात. आत पिवळ्या बलकावर पांढुरकी चकती दिसते आणि तिच्या मधोमध काही मिलिमीटर लांबीचं, अर्धपारदर्शक पिल्लू. त्याला पिल्लू म्हणायचं ते पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून. पंख नाहीत, चोच नाही, डोळ्यांच्या जागी नुसते दोन फुगवटे. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की डोक्याच्या जरा खाली एक नळी दिसते, एका अंगाला किंचित फुगलेली. बघता बघता ती आखडते. थांबते. पुन्हा आखडते. दोन आखडण्यांमधलं अंतर सारखं नसतं. मध्येच ती विसरल्यासारखी गप्प बसते आणि पुन्हा सुरू होते. आणि या नळीत रक्त नसतं. लाल रक्त वाहायला लागायला अजून काही तास जायचे असतात.

अ‍ॅरिस्टॉटलने अशीच अंडी फोडून पाहिली होती. तीन दिवस उलटल्यावर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो जिवंत असल्यासारखा उड्या मारतो, अशी नोंद त्याने केली. विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणावरच्या ग्रंथात त्याच ठिपक्याचं वर्णन केलं: आकुंचनाच्या क्षणी तो नाहीसा होतो, प्रसरणाच्या क्षणी टाचणीच्या टोकाएवढा होऊन परत दिसतो. दोघांनी पाहिलं ते रक्ताने भरलेलं हृदय. त्याच्या आधीची रिकाम्या नळीची धडधड त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येणं शक्यच नव्हतं.

माणसाच्या गर्भात ही धडधड फलनानंतर साधारण २२व्या दिवशी सुरू होते. आईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. पुष्कळजणींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. गर्भ दोन-तीन मिलिमीटरचा, तिळाएवढा. हृदयात तेव्हा कप्पे नाहीत, झडपा नाहीत, मेंदूकडून येणारी एकही नस नाही. चार कप्प्यांचं, झडपांचं, दोन वेगळ्या धमन्यांचं हृदय तयार व्हायला आठवा आठवडा उजाडतो. म्हणजे यंत्र चालू झाल्यावर महिनाभर यंत्राची जुळणी चाललेली असते, आणि या महिन्यात एक क्षणही ते बंद ठेवून चालत नाही.

घर बांधून पुरं झालं, मग वास्तुशांत, मग संसार, असा आपला क्रम. गर्भातल्या हृदयाचा संसार पाया खणतानाच सुरू होतो, आणि भिंती कुठे उभ्या राहायच्या हे त्या संसाराच्या वर्दळीवरून ठरत जातं. गेल्या तीसेक वर्षांत भ्रूणशास्त्राने या घडणीतले रेणू एकेक करून ओळखले. त्यातून पुढे आलेली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच: धडधड हा हृदयाचा परिणाम तर आहेच, पण ती हृदय घडण्याच्या कारणांपैकीही एक आहे.

गरज नसताना

हृदय रक्त ढकलतं आणि रक्त प्राणवायू पोचवतं, हे आपण शाळेत शिकलो. तेव्हा गर्भात ते इतक्या लवकर चालू होतं ते प्राणवायूसाठीच असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण प्राणवायू फार थोडं अंतर स्वतःहून झिरपत जाऊ शकतो, आणि तिळाएवढ्या जिवाला तेवढं पुरतं. वॉरन बर्ग्रेन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मासे, बेडूक आणि कोंबडी यांच्या गर्भांवर वर्षानुवर्षं हाच प्रश्न तपासला. पहिल्या टप्प्यात ठोके नसले तरी गर्भाचा प्राणवायूवाचून जीव जात नाही, असं त्याला दिसत गेलं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा झेब्राफिशने दिला. अंगावर निळे पट्टे असलेला हा तीन-चार सेंटिमीटरचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या संथ पाण्यात, भाताच्या खाचरांतही तो सापडतो. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची शास्त्रीय नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हृदयाची घडण याच माशात अभ्यासली जाते. कारण सोपं आहे. त्याचा गर्भ आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो. दिवसभरात त्याचं हृदय चालू होतं, आणि ते बघायला काही कापावं लागत नाही.

झेब्राफिशच्या एका वाणाला ‘सायलेंट हार्ट’ असं नाव आहे. या वाणात स्नायूच्या आकुंचनासाठी लागणारं ट्रोपोनिन-टी हे प्रथिन बनवणारं जनुक बिघडलेलं असतं, हे २००२ साली कळलं. हृदय तयार होतं, पण ते एकदाही आखडत नाही. तरी हे गर्भ काही दिवस जगतात. प्राणवायू त्यांना कातडीतून मिळत राहतो. हृदयाची ठेवण मात्र बिघडते. पहिल्या ठोक्यांचा पहिला लाभार्थी शरीराचा बाकीचा भाग नसून हृदय स्वतःच असावं, असं मानायला इथून आधार मिळाला.

हृदय व्हायचं कोणी

पेशींच्या गोळ्याचे तीन थर पडतात तेव्हा मधल्या थरातल्या काही पेशींमध्ये मेस्प१ नावाचं जनुक थोड्या वेळासाठी जागं होतं. हृदय घडवणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशी या कुळातल्या. त्या डोक्याच्या दिशेने सरकतात आणि दोन्ही बाजूंनी येऊन चंद्रकोरीच्या आकारात मांडल्या जातात. आपण हृदय होणार, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं नसतं. शेजाऱ्यांकडून रेणूंच्या रूपात निरोप येत असतात. खालच्या थराकडून येणारं बीएमपी हे प्रथिन सांगतं, हृदय व्हा. मागे मज्जारज्जू घडवणाऱ्या भागाकडून येणारं विंट हे प्रथिन सांगतं, होऊ नका. पहिला निरोप पोचतो आणि दुसरा अडवला जातो, तेवढ्याच पट्ट्यात हृदय उगवतं.

त्यातही मौज अशी, की हेच विंट थोडं आधी हृदयाच्या बाजूने बोलत असतं. मधला थर तयार व्हायलाच ते लागतं. नंतर तेच आड येतं. प्रयोगशाळेत मूळपेशींपासून हृदयाच्या पेशी बनवणारे याचाच फायदा घेतात. आधी विंट जागं करायचं, मग दोन-तीन दिवसांनी ते दाबायचं. आणखी आठवडाभरात ताटलीच्या तळाशी पेशींचे पुंजके आपोआप धडधडायला लागतात. द्रव्य तेच असतं. अर्थ वेळेनुसार पालटतो.

निरोप मिळाल्यावर पेशीच्या आत काही प्रथिनं कामाला लागतात. त्यांचं काम डीएनएवर बसून इतर जनुकं चालू-बंद करणं. यातल्या पहिल्याचा शोध फळमाशीत लागला. १९९३ साली रॉल्फ बोडमर याने दाखवलं, की एक विशिष्ट जनुक नसलेल्या माशीत हृदय बनतच नाही. ‘विझर्ड ऑफ ऑझ’च्या गोष्टीत हृदय नसलेला एक पत्र्याचा माणूस आहे, त्याच्यावरून या जनुकाला ‘टिनमॅन’ म्हणू लागले. माशीचं हृदय म्हणजे पाठीलगतची एक साधी नळी. त्याच वर्षी उंदरात याच जनुकाचं भावंड सापडलं: एनकेएक्स२-५. माशीची आणि आपली वाट पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. धडधडणारी नळी उभी करायची तरतूद त्याच्याही आधीची दिसते.

उंदरात एनकेएक्स२-५ काढून टाकलं, तर माशीपेक्षा वेगळी गोष्ट घडते. नळी तयार होते, धडधडतेही, पण वळत नाही, कप्प्यांपर्यंत पोचत नाही, आणि गर्भ मरतो. त्याच्या सोबतीला आणखी जनुकं असतात: गाटा४, टीबीएक्स५, मेफ२सी. त्यांची प्रथिनं एकमेकांना चिकटून, डीएनएवर एकाच जागी बसून काम करतात. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत हीच तीन जनुकं उंदराच्या साध्या जोडऊतकाच्या पेशींत घातली. त्यातल्या काही पेशी आपला मूळ धंदा सोडून हृदयस्नायूसारख्या वागू लागल्या.

या प्रथिनांची मात्रा फार नेमकी लागते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. पुष्कळ जनुकांत एक प्रत निकामी असली तरी काही बिघडत नाही. हृदयाच्या या जनुकांना अर्धी मात्रा चालत नाही. १९९८ साली काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या दिसणाऱ्या आजाराचा माग काढला गेला: दोन अलिंदांमधल्या, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, आणि वरच्या कप्प्यांचा विद्युत्संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत धड न पोचणं. त्यांच्या एनकेएक्स२-५ची एक प्रत बिघडलेली निघाली. लंडनचे डॉक्टर मेरी होल्ट आणि सॅम्युअल ओरॅम यांनी १९६० साली एका कुटुंबाचं वर्णन केलं होतं: हृदयाला छिद्र आणि शिवाय अंगठे बोटांसारखे, किंवा मुळीच नाहीत. हृदयाचा आणि अंगठ्याचा काय संबंध? १९९७ साली उत्तर मिळालं. टीबीएक्स५ हृदयातही लागतं आणि हात फुटतो तिथेही.

चंद्रकोरीच्या दोन बाजू मध्यरेषेवर येऊन एकमेकींना चिकटतात आणि त्यांची एक नळी होते. हे जुळणंही आपोआप होत नाही. ‘माइल्स अपार्ट’ नावाच्या झेब्राफिशच्या वाणात पेशींना सरकण्यासाठी लागणारा एक रेणवीय संकेत पोचत नाही. दोन्ही अर्धुकं आपापल्या जागीच राहतात, आणि एकाच माशात डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन हृदयं धडधडताना दिसतात.

पहिला ठोका

पहिला ठोका नेमका कसा पडतो, हे २०२३ पर्यंत कोणी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी हार्वर्डच्या अ‍ॅडम कोहेन आणि शॉन मेगॅसन यांच्या गटांनी झेब्राफिशच्या पेशींत असे रेणू घातले, की कॅल्शियम वाढताच पेशी उजळते. मग सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ ठेवून ते वाट बघत राहिले.

अपेक्षा अशी असायला हरकत नव्हती, की आधी एखादी पेशी थरथरेल, मग शेजारची, मग हळूहळू सगळ्या एका तालात येतील. दिसलं वेगळंच. हृदय शांत होतं, आणि पुढच्या क्षणी कॅल्शियमची एक लाट सबंध हृदयातून पसरली. पुढचा ठोका केव्हा पडेल याचा नेम नव्हता, पण पडला की अख्खं हृदय त्यात सामील. लाट कुठून निघते तेही ठरलेलं नव्हतं. एका माशात इथून, दुसऱ्यात तिथून, आणि त्याच माशात काही वेळाने तिसरीकडून.

यामागचं गणितही त्यांनी मांडलं. प्रत्येक पेशीची विद्युत्क्षमता तासन् तास थोडी थोडी वाढत असते, सगळ्यांची वेगवेगळ्या गतीने. कॅल्शियमला आत घेणाऱ्या वाहिन्या वाढतात, शेजारच्या पेशीशी जोडणी घट्ट होते. बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. मग सगळ्यांची मिळून एक मर्यादा ओलांडली जाते आणि त्यानंतर शांत राहणं हृदयाला शक्यच राहत नाही. आपल्या हृदयात ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदातल्या एका ठरावीक गाठीपासून होते. ती मक्तेदारी नंतरची. सुरुवातीला प्रत्येक पेशी ठोका सुरू करायला लायक असते.

कुठे वळायचं, कोणाच्या सांगण्यावरून

सरळ नळी थोड्याच काळात वाकते. तिची दोन्ही टोकं जागच्या जागी अडकलेली असतात आणि मधला भाग लांबत असतो, त्यामुळे वाकण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. पण कोणत्या बाजूला? बहुतेक सगळ्या माणसांत वळण उजवीकडे सुरू होतं, आणि पुढच्या घडामोडींत हृदयाचं टोक डाव्या बाजूला येऊन बसतं. बाहेरून आपण डावे-उजवे सारखे. आत मात्र हृदय डावीकडे, यकृत उजवीकडे, उजव्या फुप्फुसाला तीन पाळ्या आणि डाव्याला दोन. सारख्या बाजूंच्या गर्भाला डावं-उजवं कळतं कसं?

उंदराच्या गर्भाच्या मध्यरेषेवर एक उथळ खळगा असतो, त्याला नोड म्हणतात. तिथल्या दोन-तीनशे पेशींवर प्रत्येकी एक बारीक तंतू असतो, सिलिया. लांबी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून जास्त नाही. हे तंतू सेकंदाला साधारण दहा गिरक्या घेतात, आणि वरून पाहिलं तर सगळे घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने. सरळ उभे असते तर खळग्यातला द्रव जागच्या जागी भोवंडला असता. पण ते शेपटीच्या बाजूला कलते असतात. गिरकीच्या अर्ध्या भागात तंतूचं टोक पृष्ठभागापासून उंच असतं आणि द्रवाला जोरात ढकलतं. उरलेल्या अर्ध्या भागात ते पृष्ठभागाला घसटून जातं, तिथला द्रव चिकटून बसलेला, म्हणून जोर लागत नाही. हिशेबाने उरतो तो एकाच दिशेचा प्रवाह: उजवीकडून डावीकडे.

टोकियोच्या नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने १९९८ साली हे उघड केलं. पेशीच्या आत माल वाहून नेणारं एक प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांत नोडवर सिलियाच उगवल्या नाहीत, आणि त्या पिल्लांची हृदयं निम्मी एकीकडे, निम्मी दुसरीकडे वळली. २००२ साली हिरोशी हमादा यांच्या चमूने आणखी पुढची पायरी गाठली. उंदराच्या गर्भांवरून पंपाने उलट दिशेचा प्रवाह सोडला. प्रवाह उलटा, तर अवयवही उलटे. शरीराचं डावं-उजवं ठरवायला थेंबभर द्रवाची दिशा पुरली.

माणसांतही याचा मागमूस जुना आहे. स्वित्झर्लंडचे डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली काही रुग्णांचं वर्णन केलं: हृदय उजवीकडे, सगळे अवयव आरशात पाहावेत तसे उलटे, आणि जोडीला सायनसचा आणि श्वासनलिकांचा जुना त्रास. १९७६ साली स्वीडनच्या ब्यॉर्न अफझेलियस यांनी यातला दुवा दाखवला. अशा लोकांच्या श्वासनलिकेतल्या सिलिया हलत नाहीत, कारण त्यांना हलवणाऱ्या डायनीन या प्रथिनाचे भाग गायब असतात. कफ बाहेर पडत नाही तो याच कारणाने. आणि गर्भावस्थेत द्रवाचा प्रवाह नसल्याने हृदयाची बाजू नाणं उडवल्यासारखी ठरते. सिलिया न हलण्याचा हा आजार असलेल्या साधारण निम्म्याच लोकांचे अवयव उलटे असतात, ते यामुळेच.

प्रवाहाची बातमी गर्भाला कळते कशी, याचं उत्तर २०२३ साली मिळालं. खळग्याच्या कडेला न फिरणाऱ्या सिलिया असतात. प्रवाहाच्या रेट्याने त्या वाकतात आणि डाव्या बाजूच्या पेशींत कॅल्शियम शिरतं. प्रकाशाच्या किरणाने अशी एकेक सिलिया वाकवूनही हाच परिणाम मिळाला. तिथून डाव्या बाजूला नोडल नावाचं प्रथिन पसरतं, लेफ्टी नावाचं प्रथिन त्याला मध्यरेषा ओलांडू देत नाही, आणि पिट्एक्स२ हे जनुक डाव्या अर्ध्यातच जागं राहतं. नळीपर्यंत ही बातमी पोचली, की तिच्या दोन टोकांना वेगवेगळा पीळ बसतो आणि वाकायला दिशा मिळते.

बाहेरून आलेली कुमक

सरळ नळीत सबंध हृदय असतं आणि तेच फुगून चार कप्पे होतात, असं फार काळ मानलं जात होतं. मेक्सिकोच्या मारिया व्हिक्टोरिया दे ला क्रूझ यांनी १९७७ साली कोंबडीच्या गर्भात नळीवर खुणा करून पाहिलं, आणि बाहेर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांचा भाग सुरुवातीच्या नळीत नव्हताच असं त्यांच्या लक्षात आलं. २००१ साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी त्याचा उलगडा केला. नळीच्या मागे पेशींचा एक राखीव साठा असतो. धडधड चालू झाल्यावरही त्यातल्या पेशी नळीच्या दोन्ही टोकांनी आत येत राहतात. उजवं निलय, म्हणजे खालचा उजवा कप्पा, आणि त्यातून निघणारा मार्ग जवळजवळ पूर्ण या साठ्यातून घडतो.

आणखी एक तुकडी थेट मज्जासंस्थेच्या शेजारून येते. मज्जारज्जूच्या कडेवरून सुटणाऱ्या या भटक्या पेशी चेहऱ्याची हाडंही घडवतात. मार्गरेट किर्बी यांनी १९८३ साली कोंबडीच्या गर्भात त्यांचा एक ठरावीक भाग काढून टाकला. हृदयातून बाहेर पडणारी सुरुवातीला एकच मोठी वाहिनी असते, तिची महाधमनी आणि फुप्फुसधमनी अशी विभागणीच झाली नाही. माणसाच्या २२व्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळाल्यावर बाळांत हृदयदोषाबरोबर टाळू, चेहरा आणि मानेतल्या ग्रंथींचेही दोष दिसतात. त्या तुकड्यात टीबीएक्स१ हे जनुक असतं. राखीव साठ्याची वाढ आणि या भटक्या पेशींची वाट, दोन्ही त्याच्यावर अवलंबून.

प्रवाह कोरतो

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये स्कॉट फ्रेझर, मोरी घारिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. झेब्राफिशच्या गर्भात दीड दिवसाच्या आसपास त्यांनी काचेचा एक मणी सरकवला, व्यास मिलिमीटरचा विसावा भाग. काही माशांत तो हृदयात रक्त शिरतं त्या तोंडाशी, काहींत रक्त बाहेर पडतं त्या तोंडाशी. जनुकांना कोणी हात लावला नव्हता. अडवला होता तो फक्त प्रवाह. त्या हृदयांत वळण नीट आलं नाही, झडपा धड झाल्या नाहीत, बाहेर जाणारा फुगीर भाग तयार झाला नाही. जनुकांत बिघाड असल्यावर जे दिसतं तेच नुसत्या एका मण्याने घडवून दाखवलं.

हे कसं घडतं हे झडपांच्या जागी सगळ्यात स्पष्ट दिसतं. सुरुवातीच्या नळीत बाहेर स्नायू, आत पातळ अस्तर, आणि मध्ये एक घट्टसर जेली असते. या जेलीचा मुख्य घटक हायलुरॉनिक आम्ल, चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातींत ज्याचं नाव सारखं ऐकू येतं तेच. ते बनवणारं एन्झाइम उंदरांत काढून टाकलं, तर जेलीच होत नाही आणि गर्भ मरतो. अलिंद आणि निलय यांच्या सांध्यावर ही जेली उशीसारखी फुगते. तिथला स्नायू बीएमपी आणि टीजीएफ-बीटा ही प्रथिनं सोडतो. त्यांच्या सांगण्यावरून अस्तरातल्या काही पेशी एकमेकींचा हात सोडतात, जेलीत उतरतात आणि तिच्यातून वाट काढत फिरू लागतात. या उशांच्या पुढे झडपा होतात, आणि कप्प्यांमधल्या पडद्यांचा मधला सांधाही होतो. डाऊन सिंड्रोमच्या बाळांपैकी साधारण निम्म्यांना हृदयदोष असतो, आणि त्यात याच मधल्या सांध्याचा दोष विशेष दिसतो.

पण झडप नेमकी तिथेच का? झडप नसलेल्या सांध्यावर रक्त प्रत्येक ठोक्याला थोडं पुढे जातं आणि थोडं मागे येतं. हे मागेपुढे होणारं घासणं अस्तराच्या पेशींना जाणवतं. त्यांच्या पटलांत ताण पडला की उघडणाऱ्या वाहिन्या असतात, आणि त्यांच्यामार्फत क्लफ२ए हे जनुक चालू होतं. झेब्राफिशमध्ये हे मागे येणं कमी केलं, तर क्लफ२ए मंदावतं आणि झडप बिघडते. म्हणजे रक्त उलटं येणं हा दोषच झडप उभी करायचा हुकूम देतो. झडप आली की उलटं येणं थांबतं आणि हुकूमही आपोआप ओसरतो. याहून नेटका हिशेब माणसाने क्वचितच केला असेल.

जिथे घोटाळा होतो

जन्मणाऱ्या दर शंभर बाळांपैकी जवळपास एका बाळाच्या हृदयात काही ना काही दोष असतो. या घडणीत किती गोष्टी वेळेवर जुळाव्या लागतात हे पाहिलं, की शंभरात नव्याण्णव बरोबर कसे जमतात याचंच आश्चर्य वाटतं. वर उल्लेख आलेल्या जनुकांतला दोष काही बाळांतच सापडतो. पुष्कळ बाळांत एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. आईला गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळाचं हृदय बिघडू शकतं, हे ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या १९४१ सालच्या निरीक्षणापासून ठाऊक आहे. आईचा मधुमेह ताब्यात नसेल तर धोका वाढतो. आणि सगळं घडतं ते पहिल्या आठ आठवड्यांत, म्हणून मधुमेह आटोक्यात आणणं किंवा रुबेलाची लस घेणं ही कामं दिवस राहण्याच्या आधीच करायला हवीत, असं डॉक्टर सांगतात.

प्रवाहाने हृदय घडतं हे खरं असेल, तर प्रवाह अडल्याने ते खुरटायलाही हवं. तसं होतं. कोंबडीच्या गर्भात डाव्या अलिंदाला दोऱ्याने आवळलं, की डावं निलय लहान राहतं. माणसाच्या गर्भात महाधमनीच्या तोंडाची झडप अरुंद राहिली, तर डाव्या निलयातून रक्त बाहेर पडत नाही, आणि वाहत नाही त्या बाजूची वाढ थांबत जाते. अशी काही बाळं जन्मतात तेव्हा डावं निलय जवळजवळ नसल्यासारखंच असतं.

यावर काही मोजक्या केंद्रांत गर्भातच उपाय केला जातो. सोनोग्राफी पाहत पाहत आईच्या पोटातून, गर्भाशयातून आणि बाळाच्या छातीतून एक सुई थेट निलयात घालतात. तिच्यातून इवलासा फुगा नेऊन अरुंद झडप उघडतात. दिल्लीच्या एम्समध्ये २०२३ साली अशी प्रक्रिया झाली तेव्हा बाळाचं हृदय द्राक्षाएवढं होतं आणि सगळं काम दीड मिनिटात उरकलं. फुगा हृदय दुरुस्त करत नाही. तो फक्त रक्ताला वाट मोकळी करून देतो. निलयाची भिंत वाढवणं हे काम तिथल्या पेशींचं, वाहत्या रक्ताचा धक्का ओळखून त्यांनी करायचं. प्रत्येक बाळात त्याला यश येत नाही. काहींचं निलय मागेच राहतं आणि जन्मानंतर शस्त्रक्रियांची रांग लागते. पण काहींचं वाढतं, आणि ती मुलं दोन्ही निलयांच्या बळावर जगतात.

२०२१ साली व्हिएन्नात साशा मेंडजान यांच्या प्रयोगशाळेने मानवी मूळपेशींपासून तिळाएवढे गोळे बनवले. ते आपणहून आत पोकळी तयार करतात आणि धडधडतात. त्यांना झडपांपर्यंत, चार कप्प्यांपर्यंत न्यायचं असेल तर योग्य रेणू योग्य वेळी देणं ही अर्धी गोष्ट झाली. त्यांच्यातून काहीतरी वाहायला हवं. हृदय बनवायचं तर त्याला पहिल्या दिवसापासून काम द्यावं लागतं.